स्मृतिफलकाला ब्रेल पट्टी जोडण्याआधी जागा आणि उंची ठरवावी

तालुक्याच्या एका गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचनालय स्थापन करणाऱ्या शिक्षकांचा स्मृतिफलक मुख्य चौकातील नगरपरिषदेच्या बागेच्या भिंतीवर लावायचा आहे. फलक 3 फूट रुंद आणि 2 फूट उंच, चकचकीत काळ्या ग्रॅनाईटचा असेल. कोणी खराब करू नये म्हणून तो जमिनीपासून 7 फुटांवर बसवायचे ठरले आहे. अंध वाचकांनाही तो वाचता यावा म्हणून खाली ब्रेलची पट्टी जोडायची आहे. ती कोठे करून मिळेल आणि तिच्यावर काय लिहावे?

गेली 22 वर्षे मी दगडी आणि धातूचे फलक आखण्याचे, करून घेण्याचे आणि बसवण्याचे काम करतो. या काळात ब्रेलचा विषय स्वतःहून काढणाऱ्या संस्था मला फारच थोड्या भेटल्या, म्हणून आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. पट्टी कोठे मिळेल हे मी शेवटी सांगतो, कारण तो भाग सर्वांत सोपा आहे. खरी अडचण 7 फुटांची आहे. ब्रेल बोटांनी वाचतात, आणि 7 फुटांवरच्या ओळीला कोणाचीही बोटे लागत नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या उंचीवरच्या चकाकत्या ग्रॅनाईटमध्ये आकाशाचे प्रतिबिंब दिसेल, अक्षरे दिसणार नाहीत. तेव्हा आपला प्रश्न मी असा मांडतो: हा फलक कोणाला सापडेल, कोणाला त्याच्याजवळ जाता येईल, आणि जवळ गेल्यावर त्याला तो कसा वाचता येईल?

फलक उंच लावण्याची सवय कोठून आली हेही समजून घ्यावे, कारण ती उगाच पडलेली नाही. लंडनमध्ये 10, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळकांचा निळा फलक आहे. 1918-19 मध्ये ते तेथे राहिले होते. तिकडचे हे गोल फलक साधारण अर्धा मीटर व्यासाचे असतात आणि रस्त्याने जाणाऱ्याला पलीकडच्या बाजूनेही दिसावेत म्हणून भिंतीवर उंच बसवलेले असतात. मोजकी अक्षरे आणि लांबून पाहणारा डोळा, एवढाच त्यांचा हिशेब असतो. आपल्याला मात्र माणूस फलकापाशी थांबायला हवा आहे, एका शिक्षकाची कहाणी त्याने वाचायला हवी आहे. या कामाला उंच फलक उपयोगाचा नाही. दोन्ही हेतू साधायचे असतील तर वर फक्त नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षे मोठ्या अक्षरांत ठेवावीत आणि खाली, हाताच्या उंचीवर, वाचण्याचा फलक वेगळा करावा. माझी शिफारस हीच आहे.

आता जागा. येथे बरेच काही प्रत्यक्ष परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी आपला चौक पाहिलेला नाही, म्हणून काय तपासावे तेवढे सांगतो. भिंतीसमोर किमान 1500 मिलिमीटर लांब-रुंद अशी सपाट, पक्की मोकळी जागा लागते. तेवढ्यात चाकाची खुर्ची पूर्ण वळते. त्या जागेपर्यंत पायरी नसावी. उतार द्यावा लागला तर 12 फुटांना 1 फूट यापेक्षा तो तीव्र नसावा. आपल्या चौकांमध्ये मोठी पायरी क्वचितच आड येते; आड येते ती पेव्हर ब्लॉकची दबलेली ओळ, गटाराचे वर आलेले झाकण, नाहीतर बागेत दुचाकी शिरू नयेत म्हणून फाटकात रोवलेले लोखंडी खांब. दोन खांबांमधले अंतर टेपने मोजा. ते 900 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर दुचाकी बाहेर राहते आणि तिच्याबरोबर चाकाची खुर्चीही बाहेर राहते. फलकावर एक रुपया खर्च करण्याआधी या गोष्टी नगरपरिषदेकडून दुरुस्त करून घ्याव्यात. माझ्या कामांचा हिशेब पाहिला तर फलकापेक्षा त्याच्यासमोरच्या जमिनीला जास्त पैसे लागले आहेत, आणि ते योग्य ठिकाणी लागले असे मी मानतो.

अंध माणसाला तर फलक आहे हेच कळायला हवे. पदपथावर पिवळ्या स्पर्शफरशा असतात: लांबट उभार असलेली फरशी वाट दाखवते, गोल ठिपक्यांची फरशी थांबण्याची किंवा सावध होण्याची खूण देते. आपल्या चौकात अशी ओळ असेल तर तिला बागेच्या भिंतीपर्यंत एक फाटा काढून फलकासमोर ठिपक्यांच्या फरशा बसवाव्यात. ओळच नसेल तर फक्त फलकासमोर चार फरशा टाकून फारसे साधत नाही. त्यापेक्षा बागेच्या प्रवेशद्वाराला लागून असलेली भिंत निवडावी, कारण दार सर्वांनाच शोधावे लागते आणि दाराशेजारची वस्तू हाताला लवकर लागते.

उंचीबद्दल मी पाळतो ते माप असे. फलक उभ्या भिंतीवर असेल तर स्पर्शाने वाचायचा सगळा मजकूर जमिनीपासून साधारण 1200 ते 1400 मिलिमीटर या पट्ट्यात यावा. मजकूर जास्त असेल तर उभ्या भिंतीवर ब्रेल वाचताना मनगट मागे मोडते आणि दोन-तीन ओळींनंतर दुखू लागते. अशा वेळी देवळातल्या पोथीच्या चौरंगासारखा तिरपा फलक चांगला. त्याची पुढची कड 800 मिलिमीटरच्या आसपास असावी, उतार 20 ते 30 अंशांचा असावा, आणि खुर्चीतल्या माणसाचे गुडघे आत जातील एवढी पोकळी खाली असावी. मात्र असा फलक एकाच खांबावर उभा करू नका. पांढरी काठी जमिनीलगत फिरते. कमरेच्या उंचीवर पुढे आलेली ग्रॅनाईटची कड तिला कळत नाही आणि ती सरळ पोटात किंवा बरगडीत बसते. दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत येणाऱ्या दगडी भिंती घ्याव्यात, म्हणजे काठी आधी त्यांना लागते.

दगड आणि धातू यांचा विचार करताना एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सुमारे 12 वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी पितळी फलक बसवला होता. ब्रेल नीट तपासलेले होते, उंची योग्य होती, समोर जागा होती. एप्रिलमधल्या एका दुपारी एक निवृत्त अंध शिक्षक माझ्याबरोबर तो पाहायला आले. त्यांनी डाव्या हाताची तर्जनी पहिल्या ओळीवर ठेवली आणि लगेच उचलली. पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पाण्याच्या बाटलीने भिजवून फलकावर फिरवला. पाणी सुकेपर्यंत जेवढे वाचता आले तेवढे त्यांनी वाचले: साडेतीन ओळी. फलक पश्चिमेकडे तोंड करून होता आणि वर सावली नव्हती. चूक माझी होती. मी जागा सकाळी 9 वाजता पाहिली होती. तेव्हापासून प्रत्येक जागा मी दुपारी 3 वाजताही पाहतो. शक्य असेल तर फलकाचे तोंड उत्तरेकडे ठेवावे. ते जमत नसेल तर वर दीड-दोन फूट पुढे येणारे छप्पर द्यावे. काळा दगडही उन्हात चांगलाच तापतो, त्यामुळे धातू टाळला की प्रश्न सुटला असे समजू नये.

चकचकीत काळा ग्रॅनाईट दिसायला भारदस्त असतो, पण त्याच्यावर समोरचे झाड, रिक्षा आणि वाचणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसतो. त्याच दगडाचा खरबरीत किंवा लेदर फिनिश मागावा. ग्रॅनाईटच्या गाळ्यावर हा शब्द सर्वांना माहीत असतो. अक्षरे पांढरी किंवा पिवळसर पांढरी ठेवावीत. सोनेरी रंग उन्हात उजळून निघतो आणि संध्याकाळी दिसेनासा होतो, तेव्हा कमी दिसणाऱ्यांसाठी तो वाईटच. अक्षराचे माप ठरवताना कारागिराशी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या. तो 25 मिलिमीटर म्हणतो तेव्हा बहुधा वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंतचे माप सांगत असतो. देवनागरीत खरे वाचनीय माप म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची, आणि ती अशा 25 मिलिमीटरमध्ये 14-15 मिलिमीटरच भरते. जवळून वाचायच्या मजकुराला हा मधला भाग किमान 20 मिलिमीटर असावा असे मी पाहतो. कोकणातील वाचकांसाठी एवढेच सांगतो की जांभ्यावर थेट कोरू नये. तो दगड सच्छिद्र असल्याने बारीक अक्षराची कड टिकत नाही. जांभ्याच्या भिंतीत वेगळा दगड बसवावा.

आता मजकूर आणि ब्रेल. आपण 2 फूट उंचीचा फलक घेऊन खाली पट्टी जोडायची म्हणता, म्हणजे छापील मजकूर पूर्ण आणि ब्रेलमध्ये फक्त नाव, असे काहीसे आपल्या मनात असावे. तसे करू नये, असे माझे ठाम मत आहे. पाहणाऱ्याला पूर्ण कहाणी आणि अंध वाचकाला फक्त नाव, ही वाटणी अन्यायाची आहे. त्यासाठी मजकूरच आटोपशीर लिहावा लागतो, कारण ब्रेलला जागा लागते आणि तिचे माप आपल्या मर्जीने लहान करता येत नाही. ब्रेलच्या एका घरात 6 ठिपके असतात, शेजारच्या दोन ठिपक्यांत साधारण 2.5 मिलिमीटर अंतर असते, एका घरापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे 6 मिलिमीटर आणि एका ओळीपासून दुसरीपर्यंत सुमारे 10 मिलिमीटर. ठिपके मोठे केले तर वाचणे सोपे होईल असे पुष्कळांना वाटते, पण होते उलटे: मोठे घर बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावत नाही.

मराठीसाठी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली ब्रेल लिपी, वापरतात. त्यात प्रत्येक स्वरचिन्हाला वेगळे घर लागते आणि जोडाक्षरासाठी व्यंजनाच्या आधी हलन्ताची खूण द्यावी लागते. 'विद्या' हा शब्द पाहा. कागदावर तो दोन अक्षरांत संपतो. ब्रेलमध्ये व, वेलांटी, हलन्ताची खूण, द, य आणि काना अशी 6 घरे होतात, म्हणजे 36 मिलिमीटर. शब्दाला सरासरी 7 घरे धरली, त्यात शब्दानंतरची मोकळी जागाही आली, तर 60 शब्दांच्या मजकुराला 420 घरे लागतात. एका ओळीत 35 घरे घेतली तर 12 ओळी होतात: रुंदी 21 सेंटिमीटर, उंची 12 सेंटिमीटर. एवढी जागा आपल्या फलकावर आरामात निघते, पण मजकूर 60 शब्दांत बसवला तरच. त्या शिक्षकांनी काय केले, कोठे केले, कधी केले आणि आज त्यातले काय उभे आहे, एवढे 60 शब्दांत येते. विशेषणे गाळली की जागा सापडते. 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या प्रमुख उपस्थितीत' आणि देणगीदारांची यादी यांसाठी वेगळी कोनशिला करावी आणि ती बाजूला लावावी. बैठकीत हा विषय नाजूक असतो हे मी जाणतो. तरीही कार्यवाह म्हणून आपण तो पहिल्याच बैठकीत मांडावा, कारण नावे एकदा मजकुरात शिरली की बाहेर काढता येत नाहीत.

ब्रेलमधल्या चुका डोळस माणसाला दिसत नाहीत, म्हणून त्या दगडात कायमच्या राहतात. मी स्वतः पाहिलेल्या सांगतो. एका ठिकाणी ठिपके उठावाचे करण्याऐवजी खड्ड्यांसारखे कोरले होते. एका ठिकाणी ब्रेल शाईने सपाट छापून वर ॲक्रिलिकचा पत्रा लावला होता. एका फलकावर सजावटीसाठी ओळी मध्यभागी आणल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक ओळीची सुरुवात शोधत बोट डावीकडे चाचपडत राहत होते. सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक संगणकावर होते. आपल्याकडील पुष्कळ डीटीपी चालक अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मराठी जुळवतात. तो मजकूर ब्रेलच्या प्रणालीत टाकला की बाहेर निव्वळ निरर्थक ठिपके येतात, आणि दिसायला ते अगदी खऱ्या ब्रेलसारखेच असतात. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकावा, त्याचे ब्रेल एखाद्या अंधशाळेतून किंवा ब्रेल मुद्रणालयातून जाड कागदावर काढून घ्यावे आणि ब्रेल नेहमी वाचणाऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. ती वाचत असताना आपण मूळ मजकूर हातात धरून बसावे. कारागिराकडून नमुना आला की तोही त्याच व्यक्तीला दाखवावा, कारण कागदावर बरोबर असलेली ओळ दगडात उलटी बसू शकते. या कामाचे त्या व्यक्तीला मानधन द्यावे.

दगडावर ब्रेल टिकवण्यासाठी माझ्या मते सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे यंत्राने अचूक छिद्रे पाडून त्यांत स्टेनलेस स्टीलचे बारीक मणी घट्ट बसवणे. मणी वरून गोल आणि गुळगुळीत राहतो, बोटाला टोचत नाही, आणि एखादा निघाला तर तेवढाच बदलता येतो. ओतीव धातूतही ब्रेल चांगले येते, पण उन्हाचे मी वर सांगितलेच आहे. चिकटवलेली प्लॅस्टिकची पट्टी बाहेरच्या भिंतीवर लावू नका. मी पाहिलेल्या अशा पट्ट्यांचे कोपरे दोन पावसाळ्यांतच सुटले होते.

दृष्टी उतारवयात गेलेल्या बहुतेकांना ब्रेल येत नाही, हे लक्षात ठेवावे. त्यांच्यासाठी निदान नाव आणि वर्षे उठावाच्या अक्षरांत करावीत. उठाव 1 मिलिमीटर पुरतो; अक्षरे साधी, जाडीला एकसारखी आणि एकमेकांपासून थोडी सुटी असावीत, कारण दाट जोडाक्षर बोटाला नुसता गोळा लागतो. ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, त्यामुळे मराठी वाक्य जितके सरळ तितके त्यांना सोयीचे. क्यूआर कोड लावून त्यामागे मजकुराचे ध्वनिमुद्रण आणि भारतीय सांकेतिक भाषेतील चित्रफीत ठेवता येईल. कोडभोवती उठावाची चौकट करावी, म्हणजे अंध माणसाला फोन कोठे धरायचा ते कळते. तो कोड वाचनालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावा. कोणा कार्यकर्त्याच्या खासगी खात्यावर गेला तर ते खाते बंद पडल्यावर फलकावर एक निरुपयोगी चौकोन उरतो.

आपल्या गावात जयंती आणि पुण्यतिथीला फलकाचे पूजन होईल, आणि व्हावेच. हार, हळद-कुंकू, गुलाल आणि नारळ यांचा विचार आखणीतच करावा. कुंकू आणि तेल ठिपक्यांच्या मधल्या फटीत बसले की ब्रेल सपाट लागते. म्हणून हारासाठी वरच्या, नाव असलेल्या फलकाला दोन आकडे द्यावेत आणि नारळासाठी पायथ्याशी वेगळा दगड ठेवावा. लोकांना जागा दिली की ते तेथेच वाहतात. मज्जाव करणारी पाटी लावण्याची गरज पडत नाही. आपल्या मनात असलेली खराब होण्याची भीती खरी आहे, पण तिच्यावर उंची हा उपाय नाही. दिव्याखाली, वर्दळीच्या आणि रसवंतीवाल्याच्या नजरेच्या टप्प्यात असलेला फलक कोपऱ्यातल्या उंच फलकापेक्षा जास्त टिकतो, असा माझा अनुभव आहे.

परवानगीचे थोडक्यात. बाग नगरपरिषदेची असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि मुख्याधिकाऱ्यांचे लेखी पत्र घ्या. रस्त्यावर किंवा पदपथावर पुतळे व इतर बांधकामांना परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2013 चा आदेश आहे, म्हणून फलक आणि त्याचा पाया बागेच्या हद्दीतच ठेवा. जवळ केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असेल तर त्याच्यापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. सुगम्यतेसाठी आपल्या बाजूला कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे, केंद्राची सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे 2021 ची आहेत, आणि सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली स्पष्ट केले आहे. फाटकातले खांब हलवण्याच्या अर्जात यांचा उल्लेख करावा. अर्जाला वजन येते.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: आधी जागा आणि जमीन, मग 60 शब्दांचा मजकूर, मग कागदी ब्रेल आणि त्याचे वाचन, मग दगडाची मागणी. दगड मागवण्याआधी प्लायवूडचा त्याच मापाचा तुकडा ठरलेल्या जागी उभा करा, त्यावर कागदी ब्रेल चिकटवा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी, चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका आणि न दिसणाऱ्या एका व्यक्तीला बसस्थानकापासून तेथे यायची विनंती करा. त्यांना हात धरून नेऊ नका. काही पावले मागे राहा आणि ते कोठे अडतात ते लिहून घ्या.

राहिला आपला मूळ प्रश्न. मुंबईत वरळीला नॅबचे (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे) कार्यालय आहे आणि पुण्यात कोरेगाव पार्क व कोथरूड येथे अंधशाळा आहेत. मजकुराचे ब्रेल आणि त्याची तपासणी यांसाठी तेथे किंवा आपल्या जिल्ह्यातील अंधशाळेत विचारणा करावी. तपासलेला आराखडा हातात आला की मणी बसवण्याचे काम संगणकावर चालणारे कोरीव यंत्र असलेला कोणताही चांगला ग्रॅनाईट कारागीर करू शकतो. दर महिन्याला मऊ दात-ब्रश आणि साध्या पाण्याने ठिपके धुण्याचे काम वाचनालयाच्या शिपायाच्या कामांत ठरावाने घालून घ्या, आणि त्याला ॲसिड वापरू देऊ नका.